पाठीकडून

सात दहाच्या चोपडा–जळगावमध्ये
माझी जागा ठरलेली : शेवटून तिसरी, खिडकीकडची.
इथून माणसं पाठीकडूनच दिसतात.
त्यात माझा फायदा.
तोंडावर माणूस काहीही लावतो,
शिलाई पाठीवर खरं बोलते.

फुले मार्केटात जिन्याखाली मी अल्टरेशन करते,
मशीन आणि मी, तिसऱ्याला उभंच राहावं लागतं.
म्हणून मला प्रवासी दिसत नाहीत, मापं दिसतात.
अडतीस. उजवा खांदा उतरलेला.
हा शर्ट थोरल्या भावाचा,
ही कुर्ती तिघी बहिणींची, आज मधलीचा नंबर.

एप्रिलात तर चेहरे नसतातच.
अडावदला चढणाऱ्या पोरी स्कार्फ असा आवळतात
की डोळ्यांपुरती फट, तिच्यावर गॉगल,
कोपरापर्यंत पांढरे हातमोजे,
चव्वेचाळीस डिग्रीत सगळ्या जणी
दरोड्याला निघाल्यासारख्या.
आतलं कुणाला दिसत नाही, मग हौस सगळी स्कार्फवर.
हेमांगीकडे सात आहेत.
परीक्षेला मात्र तो जुनाच, कोपऱ्यात इस्त्रीनं भाजलेला.
तिचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही.
पेपर कसा गेला ते गाठीवरून कळतं.

बायकांचं तिकीट अर्धं झालं
तेव्हापासून या गाडीत कानातली वाढली,
हे माझं निरीक्षण, हिशेब मागू नये.
धानोऱ्याच्या निंबाबाईंनी साठीत
त्याच पैशांतून नऊवारीखाली घालायला बूट घेतले,
निळे, टाचेला चमकणारी पट्टी.
कुणीतरी हसलं.
"पाय मना शेतस," त्या म्हणाल्या, "लोकेस्ना नहीत."

कंडक्टर नीलिमाला खाकीच.
पण बाहीला आतून तिनं माझ्याकडून
फुलाफुलांचं अस्तर लावून घेतलंय.
घंटीची दोरी ओढताना दिसतं,
अर्धा सेकंद.

आणि दीपेश सपकाळे.
शनिवार-रविवार केळीच्या गाड्या भरतो,
इतर दिवशी जळगावात मुलाखती देतो,
एकाच पांढऱ्या शर्टावर.
केळीचा चीक ज्याला माहीत त्याला माहीत :
लागताना पाण्यासारखा,
वाळला की शर्ट संपतो, डाग संपत नाही.
बॅग पोटाशी धरून बसायचा तो.
पाठ शुभ्र, कडक इस्त्रीची.
मला चार महिने काही कळलं नाही.
पाठीकडून बघणाऱ्याचं हे असं होतं.

एक दिवस जिन्याखाली आला, बॅग बाजूला केली.
"निघेल?"
"नाही."
शर्टाकडे बघत राहिला बराच वेळ, मग म्हणाला,
"मग सगळा शर्टच डागाच्या रंगाचा करता येईल?"

पस्तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
त्यानं बादलीभर खांबाचं पाणी आणलं,
मी मशीनच्या खणातले गंजके खिळे टाकले,
दोन रात्री शर्ट बुडवून ठेवला.
निघाला तो रंग मला सांगता येत नाही,
चहात राख सांडावी तसा काहीसा.

सोमवारी जागा असूनही दीपेश उभा होता.
बॅग वरच्या फळीवर.
मागच्या बाकावरून एका पोरानं विचारलं,
"हाऊ रंग कोठे भेटना रे भो?"
"ऑनलाइन," दीपेश म्हणाला,
आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
शहाणा आहे.

डाग आहे अजून. तापीच्या पुलावर ऊन तिरपं आलं
की खिशाखाली जरा गडद दिसतं.
मला ठाऊक आहे म्हणून दिसतं.

स्टँडवर उतरताना नीलिमानं मला थांबवलं,
माझ्या पाठीवरून एक दोरा उचलला,
दाखवला, फुंकून टाकला.
लाल होता.
लाल काही मी या आठवड्यात शिवलंच नव्हतं.